कॉर्पोरेट इव्हेंटचं प्रोडक्शन बजेट हाताबाहेर जाऊ द्यायचं नसेल तर (पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी)

ऑफिसमध्ये कुणीतरी सांगतं की यंदाची कॉन्फरन्स तू बघ, आणि बजेट म्हणून एक आकडा हातात देतं. त्यातलं हॉल, जेवण, प्रवास हे कळण्यासारखं असतं कारण तिथे माणशी हिशोब असतो. घोडं अडतं प्रोडक्शनपाशी. प्रोडक्शन म्हणजे स्टेज, साऊंड, लाईट, एलईडी वॉल किंवा प्रोजेक्टर, कॅमेरे, सेट, पॉवर, आणि हे सगळं आणणारी, लावणारी, चालवणारी आणि रात्री उतरवणारी माणसं. यातल्या अर्ध्या गोष्टींची नावंसुद्धा पहिल्यांदा कोटेशनमध्येच वाचायला मिळतात.

माझ्या पहिल्या इव्हेंटला फायनल बिल कोटेशनपेक्षा जवळपास एक तृतीयांश जास्त आलं. तोवर मी कौतुकाने सांगत फिरत होतो की व्हेंडरकडून किती डिस्काउंट काढला. मग बिल घेऊन बसलो, एकेक ओळ कोटेशनशी ताडून बघितली, तर रेट एकही वाढलेला नव्हता. वाढलेले होते तास, आणि वाढलेले होते बदल. ठरलेलं स्टेज आयत्या वेळी मोठं केलं, रिहर्सल रात्री दीडपर्यंत चालली, दोन माईकचे पाच झाले, आणि प्रत्येक गोष्ट कुणीतरी आमच्याच बाजूने मागितलेली होती. तेव्हापासून मी भाव करायचं काम सगळ्यात शेवटी ठेवतो. आधी काय ठरवायचं आणि कधी ठरवायचं हेच खरं काम आहे. खालच्या पायऱ्या त्याच क्रमाने आहेत, क्रम शक्यतो मोडू नका.

पायरी १: सामानाच्या आधी कार्यक्रम लिहा

नवीन माणूस पहिला फोन व्हेंडरला लावतो आणि विचारतो, "पाचशे लोकांची कॉन्फरन्स आहे, किती होतील?" या प्रश्नाला खरं उत्तर नसतंच, त्यामुळे समोरचा त्याच्या मागच्या एखाद्या मोठ्या कामाचं कोटेशन नाव बदलून पाठवतो, आणि तुम्ही तिथपासून कमी करत बसता.

त्याऐवजी एक कागद घ्या आणि स्टेजवर काय काय होणार ते क्रमाने लिहा. कोण बोलणार, उभं राहून की बसून, एकावेळी स्टेजवर जास्तीत जास्त किती माणसं, प्रेझेंटेशन आहे का, व्हिडिओ किती, अवॉर्ड आहेत का, प्रेक्षकांतून प्रश्न घेणार का, रेकॉर्डिंग हवंय की लाईव्ह दाखवायचंय. एवढ्यावरून निम्मं सामान आपोआप ठरतं. पाच जणांची पॅनल चर्चा असेल तर पाच माईक अधिक सूत्रसंचालकाचा एक, अधिक प्रेक्षकांत फिरवायला दोन, म्हणजे आठ. त्याच वेळी पुढच्या वक्त्याला आत कॉलर माईक लावून तयार ठेवायचं असेल तर नऊ. मग कोटेशनमध्ये सोळा कॉर्डलेस माईक लिहिलेले दिसले की तुम्ही विचारू शकता, बाकीचे सात कशाला? एरवी ते सोळा बघून आपण फक्त मान डोलावतो.

याच कागदावर आणखी एक वाक्य वरिष्ठांकडून लिहून घ्या: लोकांनी जाताना काय घेऊन जायचंय. नवीन स्ट्रॅटेजी समजायला हवी असेल तर पैसा स्क्रीन आणि साऊंडवर जातो, लोकांचा गौरव असेल तर लाईट आणि कॅमेऱ्यावर. दोन्ही सारखंच महत्त्वाचं आहे असं उत्तर आलं तर बजेट वाढवून मागायची हीच वेळ, नंतर कुणी ऐकत नाही.

पायरी २: हॉलच्या करारावर सही करायच्या आधी

इथे सगळ्यात जास्त पैसे वाचतात किंवा जातात, आणि गंमत म्हणजे हॉल बहुतेक वेळा प्रोडक्शनचा कुणीही माणूस सोबत न नेता ठरतो. भाडं स्वस्त म्हणून घेतलेला हॉल प्रोडक्शनमध्ये ते सगळं वसूल करून घेतो.

टेप घेऊन जा आणि ही माहिती काढा. छताची उंची किती, पण झुंबर किंवा एसीच्या डक्टच्या खालची, कारण कामाची उंची तीच. सामान आत येणारा दरवाजा आणि लिफ्ट यांची रुंदी, उंची आणि वजन पेलायची क्षमता. ट्रक कुठे थांबतो, तिथून स्टेजपर्यंत किती अंतर, मध्ये पायऱ्या आहेत का. मी एकदा लिफ्ट बघितलीच नव्हती, सेटचे पॅनल आठ फुटी बनवून आणले आणि लिफ्टमध्ये ते शिरेनात, मग रात्रभर जिन्याने वर चढवले, चार ज्यादा माणसं, दोन पॅनलचे कोपरे मोडले आणि सकाळी सुतार बोलवावा लागला. लिफ्ट मोजायला दोन मिनिटं लागली असती.

मग पैशाचे प्रश्न, आणि उत्तरं लेखी घ्या. हॉल नेमका किती वाजता ताब्यात मिळतो, आणि आदल्या दिवशी तिथे दुसरा कार्यक्रम आहे का? बाहेरचा साऊंडवाला किंवा लाईटवाला आणायला परवानगी आहे का, आणि असेल तर त्यासाठी हॉलवाले वेगळी फी लावतात का? छताला काही टांगायचं असेल तर ते काम त्यांच्याच ठरलेल्या माणसांकडून करावं लागतं का? पॉवर भाड्यात आहे की वेगळी, किती मिळते, आणि विजेचं पॅनल स्टेजपासून किती लांब? इंटरनेटचे वेगळे पैसे आहेत का? एसी सेटअपच्या वेळी चालू ठेवायचे पैसे लागतात का? शेवटचा प्रश्न क्षुल्लक वाटतो पण आठ तास बंद हॉलमध्ये माणसं कशी काम करतात ते एकदा बघाच.

सही होईपर्यंत हॉलवाल्यांना तुम्ही हवे असता, सही झाल्यावर तुम्हाला ते हवे असतात, त्यामुळे आदल्या संध्याकाळपासून हॉल मोफत किंवा कमी भाड्यात मिळवणं, बाहेरच्या व्हेंडरची फी माफ करून घेणं हे सगळं आधीच. आदली संध्याकाळ मिळाली तर काय फरक पडतो ते तासांच्या पायरीत येईल.

पायरी ३: स्क्रीन, आणि तिचं गणित

बहुतेक इव्हेंटमध्ये एकटी मोठी रक्कम स्क्रीनची असते म्हणून इथे जरा जास्त वेळ घालवतो.

पहिला प्रश्न उंचीचा, रुंदीचा नाही. जुना आणि अजूनही चालणारा ठोकताळा असा की स्लाईडवरचा मजकूर वाचता यायला हवा असेल तर शेवटची रांग चित्राच्या उंचीच्या साधारण ६ पटींपेक्षा लांब नको, नुसते व्हिडिओ बघायचे असतील तर ८ पट चालतं, आणि बारीक आकडे किंवा ड्रॉइंग असतील तर ४ पटच धरा. शेवटची रांग २४ मीटरवर असेल तर मजकुरासाठी चित्र ४ मीटर उंच हवं. आता पुढे बसलेल्यांच्या डोक्यांवरून दिसायला चित्राची खालची कड जमिनीपासून साधारण १.२ मीटर वर असावी लागते. झाले ५.२ मीटर. झुंबराखाली तुमच्याकडे साडेचारच असतील तर मोठ्या स्क्रीनचं स्वप्न तिथेच संपलं, आणि मग मागच्या निम्म्या लोकांसाठी हॉलच्या मध्यावर दोन छोट्या स्क्रीन लावणं हा स्वस्तही आणि चांगलाही मार्ग असतो.

एलईडी वॉल घेताय तर पिच हा शब्द ऐकायला मिळेल. पिच म्हणजे दोन पिक्सेलमधलं अंतर मिलिमीटरमध्ये. ढोबळमानाने पिच जितके मिलिमीटर तितके मीटर लांबून चित्र नीट दिसायला लागतं. पहिली रांग ५ मीटरवर असेल तर ३.९ पिचने काम भागतं. त्याच आकाराच्या वॉलमध्ये २.६ पिचला सव्वादोन पट पिक्सेल असतात, भाडंही त्या मानाने चढतं, आणि पाच मीटरवर बसलेल्या माणसाला फरक कळेलच असं नाही. वॉलच्या अगदी पुढे कॅमेरा लावून वक्त्याचे क्लोजअप घ्यायचे असतील तर मात्र बारीक पिच घ्या, कारण जाड पिचवर कॅमेऱ्यात जाळीसारखे पट्टे दिसतात.

आणि आता माझी आवडती चूक. भाड्याच्या वॉलचे पॅनल बहुधा ५०० बाय ५०० मिलिमीटरचे असतात, म्हणजे कुठलाही आकार जोडता येतो, म्हणून मी ८ मीटर रुंद आणि ३ मीटर उंच अशी झकास वॉल घेतली. सगळे स्लाईड १६:९ चे, म्हणजे रुंदी १६ तर उंची ९ या प्रमाणातले. ३ मीटर उंचीत १६:९ चित्र ५.३३ मीटरच रुंद येतं. राहिलेले पावणेतीन मीटर काळे, म्हणजे ९६ पैकी ३२ पॅनलचं भाडं भरलं आणि त्यांच्यावर दिवसभर काहीच नव्हतं. शेवटी रातोरात डिझायनरकडून बाजूचे ग्राफिक्स करून घेतले, त्याचं अर्जंट बिल वेगळं. तेव्हा वॉलचा आकार ठरला की लगेच तिचा पिक्सेलमधला आकार व्हेंडरकडून घ्या (३.९ चा एक पॅनल म्हणजे १२८ बाय १२८) आणि त्याच दिवशी प्रेझेंटेशन बनवणाऱ्याला द्या. रुंद वॉलचं कंटेंट बनवायचे पैसे नसतील तर सरळ १६:९ च घ्या. अंधार करता येणाऱ्या हॉलमध्ये प्रोजेक्टर अजूनही चांगला पर्याय आहे, कुणी हसलं तर हसू द्या. फक्त मागून प्रोजेक्शन करत असाल तर त्यासाठी लागणारी जागा खुर्च्यांमधून जाते हे लक्षात ठेवा.

पायरी ४: साऊंड, लाईट, सेट, पॉवर

साऊंडमध्ये काटकसर नको, एवढंच सांगतो. दिवा कमी असला तर कुणी तक्रार करत नाही, आवाज कटला की सगळे मागे वळून कन्सोलकडे, म्हणजे साऊंड जिथून चालवतात त्या टेबलाकडे बघतात.

लाईटच्या कोटेशनमध्ये मात्र कमी करण्यासारखं भरपूर असतं. बोलणाऱ्यांच्या चेहऱ्यावर समोरून नीट पांढरा प्रकाश आणि मागे थोडा रंग, यात कॉन्फरन्सचं काम भागतं. फिरणारे दिवे संध्याकाळी काही असेल तरच. सेटच्या बाबतीत एक सवय लावून घ्या: बॅकड्रॉपवर वर्ष आणि तारीख छापू नका, ती स्क्रीनवर दाखवा, आणि छापायचं ते लाकडाऐवजी कापडावर फ्रेमला ताणून लावा, घडी घालून पुढच्या वेळेला वापरता येतं. लाकडी सेट एका दिवसासाठी बनतो आणि रात्री मोडीत जातो, आणि मोडून न्यायचेही पैसे असतात.

पॉवरसाठी व्हेंडरला किलोवॅटमध्ये लोड लिहून मागा. जनरेटर केव्हीएमध्ये येतो, ०.८ पॉवर फॅक्टर धरला तर १०० केव्हीएचा ८० किलोवॅट देतो. एलईडी वॉल चौरस मीटरला साधारण ५०० ते ८०० वॅटपर्यंत कमाल खेचते, ती पूर्ण पांढरी असताना, सरासरी बहुतेक वेळा त्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास असते. सगळ्यांनी आपापला आकडा सुरक्षित म्हणून दुप्पट सांगितला की जनरेटर उगाच मोठा येतो आणि डिझेल जाळत बसतो. बेरीज तुम्ही स्वतः करा, वर थोडं मार्जिन ठेवा.

पायरी ५: तास मोजा

सामानाचं भाडं दिवसाचं असतं, माणसांचं शिफ्टचं. शिफ्ट कुठे ८ तासांची, कुठे १० किंवा १२, ते विचारून घ्या, आणि त्यापुढे ओव्हरटाईम सुरू होतो.

समजा हॉल सकाळी ६ ला मिळतो, कार्यक्रम दुपारी २ ते ८, आणि सामान उतरवून ट्रक भरायला रात्रीचे १ वाजतात. झाले १९ तास. एवढं कुणी सलग काम करू शकत नाही आणि करूही नये, उंचावर चढणारी माणसं असतात ती. म्हणजे एकतर दोन टीम किंवा भरमसाठ ओव्हरटाईम. आदली संध्याकाळ ५ ते ११ हॉल मिळाला तर जड काम तेव्हा होतं, दुसऱ्या दिवशी ऑपरेटर सकाळी १० ला येतात, रिहर्सल करतात, शो करतात. उतरवायला नऊ वाजता वेगळे लोडर बोलवायचे, ऑपरेटरपेक्षा ते स्वस्त पडतात. सहा तासांच्या ज्यादा भाड्यासमोर वाचलेला ओव्हरटाईम ठेवून बघा, बऱ्याचदा हॉलचे ज्यादा पैसे देणं फायद्याचं निघतं. नेहमी नाही, म्हणूनच मांडून बघा म्हणतोय.

रिहर्सलला वेळ ठरवून द्या आणि वरिष्ठांच्या कॅलेंडरमध्ये टाका. साहेब ४ चे ७ ला आले तर तीन तास वीस माणसं उभी असतात आणि मीटर पळत असतो. माझा उपाय असा की साहेबांची वाट न बघता त्यांच्या जागी ऑफिसातला कुणीही उभा करून लाईट, माईक, स्लाईड सगळं तपासून घ्यायचं आणि ते आले की फक्त क्लिकर आणि चालत येण्याचा रस्ता दाखवायचा, पंधरा मिनिटांत सुटतात.

सामान दोन-तीन दिवस लागणार असेल तर पूर्ण दिवसाच्या रेटने तिप्पट लावू देऊ नका, सेटअपचा दिवस अर्ध्या भाड्यात किंवा फुकट आणि पुढच्या दिवसांना सूट ही या धंद्यात नेहमीची मागणी आहे. त्याच हॉलमध्ये तुमच्या आदल्या किंवा दुसऱ्या दिवशी कुणाचा कार्यक्रम आहे हे हॉलवाल्यांना विचारा. दोघांनी स्टेज आणि ट्रस (दिवे वगैरे टांगायचा धातूचा सांगाडा) तसाच ठेवून खर्च वाटून घेतला तर दोघांचा ट्रक आणि मजुरी वाचते. लोक विचारतच नाहीत.

पायरी ६: आता कोटेशन

तीन जणांकडून मागवा, पण तिघांना एकच लिखित यादी द्या, वरच्या पायऱ्यांतून तयार झालेली. एकाने ३.९ ची वॉल धरली आणि दुसऱ्याने २.६ ची तर त्यांची तुलना करून काही कळत नाही. प्रत्येक ओळीत नग, दर, दिवस वेगळे हवेत. "साऊंड सिस्टीम, एकूण" अशी एकच ओळ आली तर परत पाठवा.

मग जे लिहिलेलं नाही ते शोधा. ट्रान्सपोर्ट आहे का, ऑपरेटर धरलाय का, क्रूचं जेवण आणि राहणं कुणाकडे, ओव्हरटाईम किती वाजल्यापासून आणि काय दराने, टॅक्स, बॅकअप लॅपटॉप आणि कन्सोलसाठी यूपीएस. सगळ्यात स्वस्त कोटेशनमध्ये हेच बहुधा गायब असतं आणि नंतर एकेक करून उगवतं.

भाव करताना टक्के मागू नका. "एवढ्यात बसवायचं असेल तर तुम्ही काय बदलाल?" असं विचारा. चांगला व्हेंडर तिथे ट्रसचा आकार बदलतो, त्याच्या गोदामात पडून असलेलं प्लॅटफॉर्म सुचवतो. नुसते १५ टक्के सोडणाऱ्याने ते आधीच वर चढवलेले असतात, नाहीतर तो अनुभवी माणूस काढून नवशिक्या पाठवतो.

पायरी ७: शीट आणि राखीव रक्कम

शीटमध्ये चार कॉलम ठेवा: अंदाज, कोटेशन, शब्द दिलेला, प्रत्यक्ष बिल. तिसरा कॉलम नवीन लोक विसरतात. फोनवर "हो, करा" म्हटलं त्या क्षणी पैसे गेले, बिल महिन्याने येवो. ज्याच्या शीटमध्ये फक्त भरलेली बिलं असतात त्याला इव्हेंटच्या दिवशी भरपूर पैसे शिल्लक आहेत असं वाटतं.

राखीव म्हणून ओळखीच्या हॉलला १० टक्के, नव्या जागेला किंवा उघड्यावर असेल तर १५ टक्के बाजूला काढा आणि तिचं नाव शिल्लक असं अजिबात लिहू नका, नाहीतर कुणीतरी तिच्यात कॉन्फेटी बसवतं.

पायरी ८: बदल कोण करू शकतो

ड्रॉइंगवर स्टेज मोठं करणं म्हणजे एक रेघ पुसणं. सुतारकाम झाल्यावर ते मोठं करणं म्हणजे दोनदा बनवणं, आणि हॉलमध्ये उभं राहून करणं म्हणजे रात्रीची मजुरी, नवा टेम्पो आणि उशिरा सुरू झालेली रिहर्सल. म्हणून दोन तारखा जाहीर करा. एक लेआउट गोठवायची, साधारण तीन आठवडे आधी. दुसरी स्लाईड आणि व्हिडिओ गोठवायची, निदान दोन दिवस आधी. दुसरी तारीख कुणीही पाळत नाही हे मलाही माहितीय, पण तारीख असली की उशिरा देणारा निदान ओशाळतो आणि एकदाच देतो.

आणि व्हेंडरला पहिल्याच दिवशी लिहून कळवा की ज्यादा काहीही फक्त एका माणसाच्या लेखी होकारानेच. नाहीतर मार्केटिंगवाले एका ग्रुपवर अजून एक कॅमेरा मागतात, एचआरवाले दुसऱ्या ग्रुपवर एन्ट्रीला कमान मागतात, व्हेंडर बिचारा सगळ्यांना हो म्हणतो आणि बिल तुमच्या टेबलावर येतं. मागणी आली की नाही म्हणायची गरज नसते, "याचे एवढे होतील, कुठल्या खात्यातून देताय?" एवढं विचारलं तरी निम्म्या मागण्या गळतात.

कात्री लावायचीच वेळ आली तर

आधी लाईव्ह स्ट्रीमिंग बघा. खरंच किती लोक त्याच वेळी बघणार? कमी असतील तर रेकॉर्डिंग करून दुसऱ्या दिवशी लिंक पाठवा, वेगळी टीम, वेगळं इंटरनेट सगळं वाचतं. मग सेट, मग फिरणारे दिवे, मग तिसरा कॅमेरा, मग एन्ट्रीची सजावट. टांगलेल्या सामानाची सुरक्षा, वायरिंग, अर्थिंग, साऊंड आणि शो कॉल करणारा माणूस, म्हणजे हेडफोन लावून सगळ्यांना एकेक क्यू देणारा, यांना हात लावू नका. तो माणूस कोटेशनमध्ये फालतू वाटतो. तो नसला की व्हिडिओ सुरू होतो तेव्हा माईक चालूच असतो आणि स्टेजमागचं बोलणं पूर्ण हॉलला ऐकू जातं.

इव्हेंट झाल्यावर

रात्री सामान जाताना क्रूच्या हजेरीवर येण्या-जाण्याच्या वेळा लिहून दोन्हीकडच्या सह्या घ्या, रिकाम्या हॉलचे, भिंतींचे आणि कार्पेटचे फोटो काढा, म्हणजे नंतर नुकसानीचं बिल आलं तर दाखवायला काहीतरी असतं. बिल आलं की ते त्या हजेरीशी आणि होकाराच्या मेसेजशी ओळीओळीने लावून बघा, आठवड्याच्या आत, कारण महिन्याने कुणालाच आठवत नाही की चौथा कॉलर माईक कुणी मागितला होता. चौथा कॉलम भरून शीट जपून ठेवा, पुढच्या वर्षीचा पहिला कॉलम तिथूनच उचलायचाय.